जुनी विक्रांत: ३६ वर्षांची नोकरी, बारा-तेरा दिवसांची लढाई, मग एवढं कौतुक कशाचं?

बंदरपाखाडी
लोकहो, प्रश्न जरा आगाऊ आहे हे आधीच सांगतो, म्हणजे नंतर कोणी अंगावर यायला नको. २०२२ च्या सप्टेंबरात नवी विक्रांत ही विमानवाहू नौका कोचीला नौदलात दाखल झाली तेव्हापासून जुनीचे मेसेज सारखे फिरत असतात, पाकिस्तानचं कंबरडं मोडणारी, एकहाती बांगलादेश घडवणारी वगैरे वगैरे. म्हणून मी आपला तिचा सर्विस रेकॉर्ड मांडून बघितला.

दुसरं महायुद्ध चालू असताना १४ ऑक्टोबर १९४३ ला इंग्लंडात टाइन नदीकाठी विकर्स-आर्मस्ट्राँगच्या यार्डात बांधायला घेतली, तेव्हा नाव एचएमएस हर्क्युलिस. २२ सप्टेंबर १९४५ ला पाण्यात उतरवली, तोपर्यंत युद्धच संपलं. मग अर्धवट अवस्थेत पडून. १९५७ मध्ये आपण विकत घेतली, बेलफास्टला हार्लंड अँड वुल्फकडून पूर्ण करून घेतली, ४ मार्च १९६१ ला विजयालक्ष्मी पंडितांच्या हस्ते नौदलात आली. १९६१ ला गोवा, एक गोळी झाडली नाही. १९६५ ला युद्ध, बाई ड्राय डॉकमध्ये. १९७१ ला ४ डिसेंबर ते १६ डिसेंबर, काय ते हेच. त्यानंतर पुन्हा युद्ध नाही, ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त.

बरं, ७१ ला समोर कोण होतं? अख्ख्या पूर्व पाकिस्तानात सेबर विमानांची एक स्क्वाड्रन, तीही ढाक्याला, आणि तिची धावपट्टी आपल्या मिग-२१ नी पहिल्या तीन-चार दिवसांत निकामी केली. मग विक्रांतने जे केलं ते हवाई दलाने कलकत्त्याहून नसतं केलं का? मला खरंच उत्तर हवंय. देशभक्ती कमी-जास्त मोजायला धागा काढलेला नाही.

चिंचपोकळीकर
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

दर्यासारंग
बंदरपाखाडी, तारखा बरोबर आहेत, पण तुम्ही एक गोष्ट गाळलीत आणि माझ्या मते सगळी मजा तिथेच आहे. ७१ ला विक्रांत खरं तर लढायच्या लायकीचीच नव्हती.

१९७० मध्ये तिच्या बॉयलरच्या वॉटर ड्रमना चिरा गेलेल्या सापडल्या. वेल्डिंग करून भागेल अशातल्या नव्हत्या, नवे ड्रम ब्रिटनहून मागवायचे, ते येईपर्यंत जहाज बंद. कित्येक महिने ती मुंबईत नुसती उभी होती. ७१ च्या सुरुवातीला पूर्वेकडे काहीतरी शिजतंय हे कळायला लागलं तेव्हा नौदलापुढे प्रश्न आला की हिला धक्क्यालाच ठेवायची का. ठेवली असती तर कोणी नावं ठेवली नसती, पण अॅडमिरल नंदा (तेव्हाचे नौदलप्रमुख) म्हणाले बाहेर काढा. मग बॉयलरचा दाब कमी ठेवायचा, वेगावर मर्यादा घालायची, चिरा गेलेल्या ड्रमभोवती पोलादी पट्टे आवळायचे असं ठरलं. मूळ डिझाइनचा वेग २५ नॉट, तिला परवानगी मिळाली १४ ची, फार फार तर १६. आणि एखादा ड्रम फुटला असता तर त्या वाफेत बॉयलर रूममधलं कोणी वाचलं नसतं. त्या खोलीत माणसं पाळ्या लावून काम करत होती, रोज. त्या माणसांना कोणी मिरवत नाही कारण त्यांचा फोटो नसतो. फोटो विमानांचा असतो.

उगाचच
१४ नॉट म्हणजे किती? जमिनीवरच्या माणसांना कळेल असं सांगा.

दर्यासारंग
तासाला साधारण २६ किलोमीटर.

उगाचच
म्हणजे संध्याकाळी सातला अंधेरीजवळच्या हायवेपेक्षा फास्टच की.

मीनल_पी
उगाचच, हहपुवा (हसून हसून पुरेवाट).
पण मला एक समजलं नाही, जहाज हळू चाललं तर बिघडलं कुठे? विमानं उडणार ना शेवटी. बाँब विमानं टाकणार, जहाज नाही.

दर्यासारंग
मीनलताई, प्रश्न चांगला आहे, थोडं लांबेल.

विमानाला उडायला पंखांवरून वारा जायला लागतो. डेक चिमुकला, सगळं जहाज २१० मीटरच्या आसपास. त्यामुळे तीन गोष्टी मिळून विमान हवेत जातं: कॅटापल्टचा (वाफेवर चालणारा, डेकवरून विमान पुढे भिरकावणारा) झटका, समोरून येणारा नैसर्गिक वारा आणि वाऱ्याच्या तोंडाला जहाज पळवून मिळणारा वारा. विक्रांतचा तिसरा हिस्सा जवळजवळ अर्धा झालेला. कॅटापल्टची वाफ तरी कुठून येते? त्याच आजारी बॉयलरमधून! आणि बंगालच्या उपसागरात डिसेंबरात वारा पडलेला असतो, म्हणजे दुसरा हिस्साही बेभरवशाचा. वारा कमी पडला की विमानात इंधन कमी भरा नाहीतर बाँब कमी लावा, तिसरा मार्ग नाही. उतरतानाही तेच, समोरचा वारा कमी म्हणजे विमान डेकवर जास्त वेगाने आदळणार. एवढं असून तिथून सीहॉक जेट आणि अलीझे रोज उडत होती.

हे किती नाजूक असतं त्याचं उदाहरण देतो. १९८२ च्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाकडे व्हेइंतिसिंको दे मायो नावाची अशीच ब्रिटिश बनावटीची, विक्रांतच्याच पिढीतली विमानवाहू नौका होती. २ मे च्या पहाटे ब्रिटिश ताफ्यावर स्कायहॉक सोडायची सगळी तयारी झाली होती आणि वारा पडला. दक्षिण अटलांटिकमध्ये, जिथे वारा कधी पडत नाही म्हणतात, तिथे! विमानं बाँब लावून उडू शकेनात, हल्ला रद्द. त्याच दिवशी त्यांची बेलग्रानो बुडाली, मग ती विमानवाहू नौका बंदरात गेली ती गेलीच. एक वाऱ्याची झुळूक आली असती तर त्या युद्धाची गोष्ट वेगळी लिहावी लागली असती.

बंदरपाखाडी
सारंग, फार छान माहिती, बॉयलरचं मला इतकं तपशिलात माहीत नव्हतं. पण रागावू नका, तुम्ही माझ्या प्रश्नाला बगल दिलीत. चिरा गेलेल्या बॉयलरवर जहाज नेणं हे धाडस आहे, मान्य, टोपी काढली. पण धाडस म्हणजे गरज नव्हे. मी विचारतोय की गरज होती का?

काळा_चौकी_४००
माझे आजोबा नेव्हल डॉकयार्डात फिटर होते. घरी कामाचं एक अक्षर बोलायचे नाहीत, आज्जी म्हणायची यांना विचारलं आज काय केलंत तर म्हणायचे चहा प्यायलो. पण विक्रांतचं नाव टीव्हीवर आलं की आवाज वाढवायला सांगायचे. ७१ च्या सुरुवातीला रात्रपाळ्या लागल्या होत्या एवढंच आजीला आठवत होतं. सारंग यांचा प्रतिसाद वाचून आज जरा अंदाज आला कशासाठी असतील. बाकी चालू द्या.

ठाण्याचा_भूगोल
मी गरजेच्या मुद्द्यावर बोलतो. कृपया सगळ्यांनी नकाशा उघडा.

कलकत्त्याहून कॉक्स बाजार सरळ रेषेत सुमारे ४०० किमी. जायला हरकत नाही, पण हवाई दलाला त्या दिवसांत काम काय कमी होतं का? ढाक्याची धावपट्टी, सगळ्या बाजूंनी आत घुसणाऱ्या सैन्याला मदत, रेल्वे, पूल, फेऱ्या. आणि पश्चिम आघाडी वेगळीच. चितगाव-कॉक्स बाजार हा कोपरा सगळ्यात लांब पडतो, तिथे समुद्रातून जाणं सोपं. ४ डिसेंबरला सकाळी अकराच्या सुमाराला लेफ्टनंट कमांडर एस. के. गुप्तांच्या सीहॉकनी (व्हाइट टायगर्स स्क्वाड्रन) कॉक्स बाजारचा विमानतळ झोडपला, दुपारी चितगाव बंदर आणि विमानतळ. पुढच्या दिवसांत खुलना, चालना, मोंगला, बारिसाल. दिवसा सीहॉक, रात्री अलीझे. गनबोटी, व्यापारी जहाजं, धक्के, तेलाचे साठे.

कशासाठी, तर सैन्याला समुद्रातून रसद येऊ नये आणि सैन्याला समुद्रातून पळताही येऊ नये. जमिनीवर तिन्ही बाजूंनी भारत आणि चौथ्या बाजूला समुद्र. चौथी बाजू बंद करणं म्हणजे एकदा जाऊन बाँब टाकून येणं नाही, तिथे रोज ठाण मांडून बसावं लागतं, आलेलं प्रत्येक जहाज अडवून तपासावं लागतं. विक्रांतबरोबर ब्रह्मपुत्रा, बियास, कामोर्टा, कवरत्ती या युद्धनौका होत्या, त्या हेही करत होत्या. कलकत्त्याहून येऊन-जाऊन करणाऱ्या विमानांनी हे कसं जमवायचं सांगा. म्हणून माझं उत्तर: बाँब हवाई दलाने टाकले असते, नाकेबंदी मात्र झाली नसती.

तिखटमीठ
ठाण्याचा_भूगोल, नाकेबंदी साध्या फ्रिगेटनी (मध्यम आकाराच्या युद्धनौकांनी) पण होते की, विमानवाहू कशाला? समोर नौदल म्हणून काय होतं, चार गनबोटी. आणि चितगावच्या तेलसाठ्यावर पहिला घाव विक्रांतचा नव्हताच मुळी. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री बंगाली वैमानिकांच्या किलो फ्लाइटने एका ऑटर विमानाने चितगावला आणि एका अलुएट हेलिकॉप्टरने नारायणगंजला तेलाच्या टाक्या पेटवल्या. लढायला बनवलेली नाहीत अशी विमानं, त्यांना रॉकेट लावून! त्यांच्याबद्दल कोण मेसेज फॉरवर्ड करतो? आपल्याला मोठं जहाज दिसलं की छाती फुगते एवढंच.

बंदरपाखाडी
तिखटमीठ यांना +१. किलो फ्लाइट माहीत नव्हतं, धन्यवाद.

चिंचपोकळीकर
पॉपकॉर्न संपत आले, कोणीतरी गाझीचा विषय काढा.

सागरगोटा
घ्या काढला.

१९६५ ला विक्रांत मुंबईत ड्राय डॉकमध्ये होती आणि पाकिस्तानने ती बुडवल्याचं जाहीर करून टाकलं. ७१ ला हीच बुडालेली विक्रांत शोधायला त्यांनी गाझी पाणबुडी पाठवली. म्हणजे भुताला मारायला माणूस पाठवला.

गाझी म्हणजे अमेरिकेची यूएसएस डायाब्लो, दुसऱ्या महायुद्धातली, भाड्याने घेतलेली. १४ नोव्हेंबर ७१ ला कराचीहून निघाली, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात आली. इकडे पूर्व कमांडचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल कृष्णन यांनी विक्रांतला अंदमानला पाठवून दिलं, पोर्ट कॉर्नवॉलिसला, आणि विशाखापट्टणमला मात्र ती तिथेच आहे असा देखावा चालू ठेवला. बाजारात रेशनच्या मोठ्या ऑर्डरी, वायरलेसवर मोठ्या जहाजाला शोभतील असे संदेश, आणि विक्रांत बनून वावरायला कोण तर आयएनएस राजपूत, जी मोडीत निघायच्या रांगेत होती! गाझी विशाखापट्टणमच्या तोंडाशी येऊन थांबली आणि ३-४ डिसेंबरच्या रात्री तिथेच बुडाली, नव्वदहून जास्त माणसांसह.

मला गंमत वाटते ती अशी की राजपूत म्हणजे ब्रिटिशांची १९४२ ची रॉदरहॅम, गाझी १९४४ ची, विक्रांतचा सांगाडा १९४३ चा. हिटलर जिवंत असताना बांधलेली तीन जहाजं १९७१ ला एकमेकांना चकवत होती.

तिखटमीठ
गाझी राजपूतने बुडवली हे सिद्ध झालेलं नाही. पाकिस्तान म्हणतं स्वतःचाच सुरुंग किंवा आतला स्फोट.

सागरगोटा
आपलं नौदल म्हणतं राजपूतच्या डेप्थ चार्जने (पाण्याखाली फुटणाऱ्या बाँबने). मी "बुडाली" असंच लिहिलंय, परत वाचा. कशाने बुडाली यावर वाद आहे, का आली होती यावर नाही.

तिखटमीठ
मग ठीक.

संपादक_मंडळ
गाझी कशी बुडाली यावर दोन जुने धागे आहेत, दोन्ही शंभरी पार करून बंद करावे लागले. कृपया इथे तिसरा नको.

प्राजक्ता_वास्को
गोव्याबद्दल थोडं. विक्रांत ३ नोव्हेंबर १९६१ ला मुंबईत आली, बॅलार्ड पिअरला नेहरू स्वतः स्वागताला, आणि पुढच्याच महिन्यात ऑपरेशन विजय. म्हणजे जहाज नवं, माणसं नवी. गोव्याच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात ती गस्तीला होती, बाहेरून कोणी मध्ये पडू नये म्हणून. प्रत्यक्ष लढाई झाली ती अंजदीव बेटावर, तिथे म्हैसूर आणि त्रिशूल या नौकांवरून उतरलेले आपले सात जण गेले, आणि मुरगावच्या पाण्यात पोर्तुगीजांच्या अफोंसो द अल्बुकर्क या युद्धनौकेशी आपल्या बेतवा आणि बियास भिडल्या. त्यामुळे "एक गोळी झाडली नाही" बरोबर आहे, पण ती तिथे उभी होती म्हणून कोणी यायची हिंमत केली नाही असंही म्हणता येतं. अर्थात पोर्तुगाल कशाने येणार होतं हा प्रश्न आहेच :)

दुसरं, विक्रांतवरची विमानं बघायची असतील तर आमच्याकडे या. बोगमाळोच्या रस्त्याला नौदलाचं विमान संग्रहालय आहे, सीहॉक, अलीझे, सी हॅरियर सगळी उघड्यावर उभी आहेत. सीहॉक इतकं छोटं आहे की माझा मुलगा म्हणाला, आई हे मॉडेल आहे ना, खरं कुठे आहे?

अजय_हॅलिफॅक्स
कॅनडातून लिहितोय. विक्रांतची सख्खी बहीण इथे होती. एचएमएस पॉवरफुल, कॅनडाने पूर्ण करून घेतली आणि बोनाव्हेंचर नाव दिलं. आमच्या इथल्या पॉइंट प्लेझंट पार्कात तिचा नांगर स्मारक म्हणून ठेवलाय, रविवारी फिरायला जातो तेव्हा दिसतो. बाकी जहाज ७१ लाच भंगारात. म्हणजे विक्रांत चितगाववर विमानं सोडत होती त्याच वर्षी तिची बहीण मोडीत गेली.

मॅजेस्टिक वर्गाच्या सहा बहिणी. टेरिबल आणि मॅजेस्टिक ऑस्ट्रेलियाला (सिडनी आणि मेलबर्न), मॅग्निफिसंट आणि पॉवरफुल कॅनडाला, हर्क्युलिस आपल्याला, आणि लेव्हायथन बिचारी कधी पूर्णच झाली नाही, १९६८ ला मोडली. मेलबर्न ८५ ला चीनने भंगार म्हणून विकत घेतली आणि तोडण्याआधी त्यांच्या लोकांनी तिचा कसून अभ्यास केला. तेही एक प्रकारचं सर्विस रेकॉर्डच म्हणायचं.

आणि मुख्य मुद्दा जो इथे कोणी लिहिला नाही. ही जहाजं टिकायला बांधलेलीच नव्हती! युद्धात झटपट हवीत म्हणून डिझाइन बरंचसं व्यापारी जहाजांच्या पद्धतीचं, चिलखत नाही, आयुष्य तीनेक वर्षं धरलेलं. युद्ध संपलं की फेकून द्यायची. त्या हिशेबाने आपण तिला ३६ वर्षं वापरली.

उगाचच
आपण भारतीय आहोत अजयराव. "वापरून फेकून द्या" असं लिहिलेलं आपण काय काय धुऊन परत वापरतो.

निवृत्त_ईआरए
हा धागा माझ्या पुतण्याने पाठवला. मी इथे नवा आहे, टायपिंगला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

मी ७१ ला नौदलात नव्हतो, नंतर भरती झालो. ऐंशीच्या दशकात विक्रांतवर इंजिन रूमकडे होतो. तोपर्यंत मोठी रिफिट होऊन नवे बॉयलर बसले होते, त्यामुळे तुम्ही म्हणता ती चिरांची भीती आम्हाला नव्हती. पण उष्णता काय सांगू. वाफेच्या जहाजावर खाली उतरलं की पहिल्या दोन मिनिटांत अंगावरचा शर्ट ओला आणि तासाभरात वाळून मीठ दिसायला लागायचं. गोडं पाणी जहाजावरच बनवायचं, त्यातलं उत्तम ते बॉयलरला, उरलं तर माणसांना. आंघोळ ही बातमी असायची.

आमच्यातले सीनियर ७१ चे होते. ते बढाया मारत नसत. एक जण एवढंच सांगायचे की कॅप्टन स्वराज प्रकाश जहाजाच्या स्पीकरवरून खालच्या लोकांना वर काय चाललंय ते सांगत राहायचे, विमानं गेली, विमानं परत आली, सगळी आली. इंजिन रूममध्ये बसलेल्याला काहीच दिसत नाही हो. "सगळी आली" हे ऐकायला लोक थांबलेले असायचे. विक्रांतवरून गेलेलं एकही सीहॉक त्या लढाईत पडलं नाही, भोकं पडून आली पण आली.

मी असताना सीहॉक गेले होते, सी हॅरियर आले. ८३ च्या शेवटाला पहिली आली. नंतरच्या रिफिटमध्ये कॅटापल्ट काढून पुढे वर चढत जाणारी स्की-जंप बसवली. कॅटापल्टवाले आमचे दोस्त त्या दिवशी गप्प गप्प होते, त्यांचा सगळा हुन्नर एका कागदावर संपला.

मीनल_पी
काका, स्वागत! टायपिंगची काळजी करू नका, वेळ घ्या पण लिहा. तुम्ही वेगळा धागाच काढा ना.

दर्यासारंग
काकांना दंडवत. ईआरए म्हणजे इंजिन रूम आर्टिफिसर, माहीत नसलेल्यांसाठी.

काका, एक विचारतो, ७१ ला तिला पूर्वेला नेलं ते पश्चिमेला धोका जास्त म्हणून, हे बरोबर ना?

निवृत्त_ईआरए
आम्ही तसंच ऐकलं. पश्चिमेला त्यांच्या फ्रेंच डाफ्ने पाणबुड्या होत्या. त्यातल्याच हँगोरने ९ डिसेंबरला आपली खुकरी बुडवली. १४ नॉटवर चालणारं विमानवाहू जहाज त्या पाण्यात नेऊन काय मिळालं असतं?

ठाण्याचा_भूगोल
शिवाय वरून त्यांची एफ-१०४ लढाऊ विमानं. नौदलाचं एक अलीझे १० डिसेंबरला पश्चिमेलाच एफ-१०४ ने पाडलं, तिघं गेले. ते विक्रांतवरून नव्हे, किनाऱ्यावरून उडालेलं होतं. सीहॉक ध्वनीच्या वेगापेक्षा हळू चालणारं, पन्नासच्या दशकातलं विमान. योग्य ठिकाणी वापरलं म्हणून चाललं.

बंदरपाखाडी
म्हणजे माझंच म्हणणं तुम्ही मांडताय! जिथे धोका होता तिथे नेता आली नाही, जिथे नेली तिथे धोका नव्हता. आणि वर दोन महावीर चक्रं (कॅप्टन आणि गुप्ता), बारा वीर चक्रं.

निवृत्त_ईआरए
बंदरपाखाडी साहेब, धोका नव्हता हे गाझी सापडल्यावर म्हणता येतं. ४ तारखेच्या सकाळी विक्रांतवरच्या कोणाला हे माहीत होतं?

चिंचपोकळीकर
ऑफ्फ.

मीनल_पी
काका फॉर्मात आहेत.

काळा_चौकी_४००
जरा वेगळ्या विषयावर. मोडीत काढली त्याबद्दल कोणी काही लिहिणार आहे की नाही? लहानपणी नेव्ही वीकला रांगेत उभं राहून विक्रांत बघितली आहे, हँगरमध्ये विमानं, मॉडेलं, वरती डेकवर गेलं की एकदम मोकळं आणि वारा. २०१२ ला सुरक्षित नाही म्हणून बंद केली. मग संग्रहालय करू, ऑयस्टर रॉकला (मुंबई बंदरातलं बेट) नेऊ, खासगी भागीदार शोधू, इतकी वर्षं नुसती चर्चा. शेवटी लिलाव, ६० कोटी. कोर्टात याचिका झाली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, २०१४ च्या ऑगस्टमध्ये तीही संपली. तोपर्यंत तिला दारूखान्याला (मुंबईत जहाजं तोडतात तिथे) नेऊन ठेवली होती, नोव्हेंबरात तोडायला घेतली. आमच्या घरापासून दारूखाना चालत जायच्या अंतरावर. मी गेलो नाही बघायला.

तिखटमीठ
भावना समजते, पण हिशेब करा ना. खाऱ्या पाण्यात सत्तर वर्षं असलेला सांगाडा सांभाळायचा म्हणजे दर काही वर्षांनी गोदीत घ्या, पत्रे बदला, पंप चालू ठेवा. तिकीट विकून तो खर्च निघत नाही. अमेरिकेत एवढी म्युझियम जहाजं आहेत तिथेही ट्रस्ट हात पसरत असतात. मग उगाच सरकारला शिव्या.

काळा_चौकी_४००
हिशेब मला कळतो. सतरा वर्षं "करू करू" म्हणायचं आणि मग खर्च परवडत नाही म्हणायचं, त्याला माझा आक्षेप आहे. पहिल्याच वर्षी "नाही जमत" म्हणाले असते तर इतकं लागलं नसतं.

बुलेटवाला_सांगली
विक्रांत कुठे गेली, माझ्या दारात उभी आहे की! बजाजने २०१६ ला तिच्या लोखंडातून टाकी केलेली व्ही ही मोटरसायकल काढली होती, थोरल्या भावाने घेतली. आमच्या गल्लीत सगळे "काय कॅप्टन" म्हणतात त्याला. मी बुलेटवाला असूनही सांगतो, पाहुणे आले की गाडी आधी तीच दाखवतो.

उगाचच
तिचा टॉप स्पीड १४ नॉट आहे का?

बुलेटवाला_सांगली
भाऊ चालवत असेल तर हो.

निवतीचो_झिलो
तुमी विक्रांतासाठी रडतास, आमचा आयका. २०१८ साली मंत्रिमंडळान मंजुरी दिली की विमानवाहू विराट आमच्या निवतीच्या समुद्रात आणून म्युझियम करतले, पर्यटक येतले, स्कुबा होतला. गावातल्यांनी होड्ये रंगवन ठेवल्यानी. विराट गेली गुजरातेक, अलंगाक, २०२० ला. होड्यांचो रंग पण आता गेलो.

मीनल_पी
:( आणि :) दोन्ही.

दर्यासारंग
मूळ प्रश्नावर परत येतो, कारण बंदरपाखाडी अजून थांबलेत असं दिसतंय.

माझं मत आता असं झालंय. विक्रांतने ७१ ला सगळ्यात मोठं काम केलं ते एकही विमान न उडवता. गाझी ही पाकिस्तानची लांब पल्ल्याची एकमेव पाणबुडी, बंगालच्या उपसागरापर्यंत जाऊन लढू शकेल अशी दुसरी नव्हती. ती अख्खा भारत वळसा घालून आली कारण विक्रांत पूर्वेला होती. विक्रांत मुंबईत बिघडून पडलेली असती तर गाझी एवढ्या लांब कशाला आली असती? पासष्टला ती विक्रांतसाठीच मुंबईबाहेर दबा धरून होती. म्हणजे चिरा पडलेल्या बॉयलरचं, वेग नसलेलं जहाज नुसतं नकाशावर हलवलं आणि समोरच्याची सगळ्यात लांब पल्ल्याची पाणबुडी त्यामागे ओढली गेली, तीही विक्रांत खरी होती तिथून हजार किलोमीटरहून लांब. कॉक्स बाजार नि चितगावचे हल्ले हवाई दलानेही केले असते, समजा. हे काम हवाई दल करू शकलं नसतं.

बाकी ३६ वर्षांचं म्हणाल तर मे १९६१ ला लेफ्टनंट ताहिलियानी पहिलं जेट घेऊन तिच्या डेकवर उतरले, तेच पुढे ८४ ला नौदलप्रमुख झाले. डेकवर उतरायचं कसं हे जहाज असल्याशिवाय शिकता येत नाही. मधे खंड पडला की शिकवणारेही राहत नाहीत. कॅनडाने ७० ला बोनाव्हेंचर काढली, ऑस्ट्रेलियाने ८२ ला मेलबर्न, दोघांनीही पुन्हा तसली घेतली नाही. आपल्याकडे विक्रांत, मग विराट, विक्रमादित्य, परत विक्रांत. आर ११ हाच नंबर आणि "जयेम सं युधि स्पृधः" हेच ब्रीद.

तिखटमीठ
शेवटचा परिच्छेद भाषण झालं. पण गाझीचा मुद्दा तगडा आहे.

बंदरपाखाडी
गाझीचा मुद्दा मान्य, असा विचार मी केला नव्हता आणि याच्यासाठीच धागा काढला होता. पण मग मेसेजमध्ये हे असायला पाहिजे ना, "कंबरडं मोडलं" कशाला? आणि ४ डिसेंबरला नौदल दिन साजरा होतो तो कराचीवरच्या मिसाइल बोटींच्या हल्ल्यासाठी, त्याच सकाळी कॉक्स बाजार झालं होतं हे किती जणांना माहीत आहे? कौतुक कमी करा असं मी म्हणत नाही, नेमकं करा म्हणतोय. नाकेबंदी फ्रिगेटनी झाली असती की नाही यावर मी अजून तिखटमीठच्या बाजूला आहे.

ठाण्याचा_भूगोल
फ्रिगेट धक्क्याला लागलेल्या जहाजावर नदीत आत जाऊन मारा करत नाही. खुलना समुद्रापासून किती आत आहे बघा.

तिखटमीठ
बघतो. उद्या येतो नकाशा घेऊनच.

प्राजक्ता_वास्को
मुंबईत आता तिचं काही बघायला आहे का? मे मध्ये येणार आहोत, मुलाला दाखवायचं आहे.

काळा_चौकी_४००
लायन गेटच्या बाहेर रस्त्यातच स्मारक आहे, तिच्याच धातूचं, अर्झान खंबाटांनी केलेलं, २०१६ पासून. आत जायला परवानगी वगैरे लागत नाही, फोर्टात कधीही जा. टॅक्सी मात्र तिथे थांबू देत नाहीत, हॉर्निमन सर्कलला उतरून चालत या.

चिंचपोकळीकर
विराटचा धागा कोण काढतंय? पॉपकॉर्न मी आणतो.

निवतीचो_झिलो
मी काढतंय. पण मालवणीत लिवतलंय, चलात तर बघा.